त्या तीन आठवड्यांचे आकडे

"सतरा वर्षं झाली. सतरा वर्षांत कधी रांगेत उभा राहिलो नाही, आणि आज रांग माझ्याच दुकानाच्या पायरीवरून चाललीये. उद्या म्हणतील, काका, जरा सरका, आम्हाला तुमच्या टेबलाशी उभं राहायचंय."

हे घड्याळवाले काका कोणाला उद्देशून म्हणत नव्हते. ते माझ्या तिकीट खिडकीपासून चौथे उभे होते, पण आवाज असा लावला होता की तो नेमका काचेच्या भोकातून आत यावा. घड्याळ उघडताना डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं. त्यामुळे त्यांना तीन डोळे असल्यासारखं दिसत होतं, आणि तिन्ही डोळे माझ्यावर रागावलेले होते.

मी हातानं खूण केली, पुढे या.

"नको," काका म्हणाले. "लोक म्हणतील वशिला आहे."

"आहेच की," मी म्हटलं.

"असू दे. पण रांगेत नको."

खिडकीवरच्या फळ्यावर मी सकाळीच खडूनं लिहिलं होतं : एकतीस कोटी. एकोणीस वर्षांत त्या फळ्यावर एवढा मोठा आकडा कधी चढला नव्हता. रांग काकांच्या दुकानावरून, चष्म्याच्या दुकानावरून वळून पार औषधवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. माझा हात तिकीट फाडत होता आणि डोळा रस्त्याकडे होता. दादा यायचा होता.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. लॉटरीचा परवाना त्याच्या नावावर, खिडकीवर मी. आठवीत शाळा सुटलेली, संसार चार वर्षांत मोडलेला, अशी मी एका ट्रंकेसह परत आले तेव्हा घरात सगळ्यांनी छताकडे पाहिलं होतं. दादानं तेवढी खुर्ची पुढे केली. "बस इथे," म्हणाला. ती खुर्ची म्हणजे ही खिडकी. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागते, म्हणून मी एकोणीस वर्षं बसलेलीच आहे. घरात कुठलाही विषय निघाला की शेवट ठरलेला : दादानं बसवलं म्हणून हिचं झालं. मीही तेच म्हणायचे. खोटं नव्हतंच ते.

बसल्या बसल्या माणूस काय करणार? मी वही सुरू केली. दर शनिवारी सोडत. शनिवार झाला की एका रकान्यात जॅकपॉट किती होता, दुसऱ्यात आपली तिकिटं किती खपली, आणि तिसऱ्यात जे मनात येईल ते. भाच्याच्या शाळेची चौकटीची वही उरली होती, तिच्यावर रेघा काढायलाही शिकले. जॅकपॉटची लाल रेघ, विक्रीची निळी. कोणी शिकवलं नाही. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, आत्या, तुला काय करायचंय? मग त्याचंच टाकून दिलेलं पुस्तक घेऊन बसले.

त्या दोन रेघांनी मला माणसं दाखवली. जॅकपॉट एक कोटीपासून सुरू व्हायचा. कोणाला लागला नाही की तो पुढच्या शनिवारी मागच्यावर चढायचा. पहिले काही आठवडे निळी रेघ हलायचीच नाही. एकशे चाळीस, एकशे पंचेचाळीस. हे नेहमीचे. आकडा चढला की एके दिवशी अचानक निळी रेघ उसळायची, सहाशे, आठशे. हे पाहुणे. मग कुठल्या तरी गावात कोणाला तरी लागायचा, फळा परत एक कोटीवर यायचा, आणि पंगत उठल्यावर उठावेत तसे पाहुणे उठून जायचे.

पण पाहुण्यांचंही एक होतं. पहिल्या वर्षी त्यांना दोन कोटी पुरायचे. दोन कोटी लिहिलं की रांग कोपऱ्यापर्यंत. चार वर्षांनी दोन कोटींकडे कोणी मान वळवून बघेना, पाच लागायचे. मग आठ. मग बारा. हावेलाही वाढत्या अंगाच्या पोरासारखा दर वर्षी एक माप मोठा सदरा लागतो. असं मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन काकांना वाचून दाखवलं होतं. काका म्हणाले होते, "छान आहे. माझं काय लिहिलंय?"

"तुमचं काही नाही," मी म्हटलं होतं.

खोटं बोलले. काकांचं लिहिलेलं होतं. काकू गेल्या त्या वर्षी लिहिलं होतं. काका दर गुरुवारी दुपारी, दोघांनाही गिऱ्हाईक नसताना, एक तिकीट घ्यायला यायचे. तेच सहा आकडे : काकूंच्या वाढदिवसाचे, लग्नाचे, मुलीच्या जन्माचे. तिकीट घेऊन झालं की अर्धा तास भोकापाशी उभे. काकू गेल्या त्या आठवड्यातही ते तसेच आले. त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "नेहमीचा माणूस बक्षिसासाठी येत नाही, बोलायला येतो." लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून एक अक्षर पसरलंय.

आणि दर गुरुवारी जाताना काका एकच विचारायचे, "लागेल ना, ताई?"

मी म्हणायचे, "का नाही लागणार?"

हा आमचा निरोप होता. खिडकीवर 'लागणार नाही' हा शब्द कोणी काढत नाही. न्हाव्यानं टक्कल म्हणू नये, तसंच.

अडीच वर्षांपूर्वी दादा एकदा म्हणाला, "छोटी, त्या तुझ्या वह्यांना जिन्याखाली वाळवी लागेल. घरी नेऊन ठेवतो." मला कोण आनंद झाला. या माणसानं सोळा वर्षांत त्या वह्या 'तुझं रामायण' यापलीकडे कशानं ओळखल्या नव्हत्या. तीन महिन्यांनी परत आणल्या तेव्हा प्रत्येक वहीला प्लास्टिकचं कव्हर होतं. मी रात्री ती कव्हरं हातांनी पुसली. वहिनीला फोन करून सांगितलंसुद्धा, दादानं कव्हरं घातली म्हणून. वहिनी म्हणाली, "हो का?" आणि फोन लगेच ठेवला. गॅसवर काही असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर वर्षभरानं कंपनीचं पत्रक आलं. पूर्वी चाळीस चेंडूंतून सहा निघायचे, आता पन्नासातून निघणार. आणि तीन आकडे जुळले की दोन तिकिटांपुरते पैसे मिळायचे, ते छोटं बक्षीस बंद. ती रक्कम जॅकपॉटमध्ये जाणार, म्हणजे जॅकपॉट आणखी मोठा. त्याच सुमारास दादाला सगळ्या भागात तिकिटं पुरवायची एजन्सी मिळाली. घरात पेढे— नाही, घरात फक्त नवा सोफा आला. दादाचं नशीब उघडलं, असं आम्ही सगळे म्हणालो. लॉटरीच्या धंद्यात नशीब उघडलेला तो मला माहीत असलेला पहिला माणूस.

काकांनी विचारलं होतं, "ताई, दहा चेंडू वाढले म्हणजे काय झालं?"

"दहाच वाढलेत, काका," मी म्हटलं.

दहाच. मी हिशोब केला होता की. चाळीसातून सहा उचलायचे तर अडतीस लाख अडतीस हजार तीनशे ऐंशी तऱ्हा होतात. पन्नासातून उचलायचे तर एक कोटी अठ्ठावन्न लाख नव्वद हजार सातशे. हे दोन आकडे मला नातेवाइकांच्या फोन नंबरांसारखे पाठ आहेत. दहा चेंडूंनी काम चौपटीहून अवघड झालं. म्हणूनच तर पूर्वी पाच-सहा आठवड्यांत कोणीतरी उचलायचं, आणि आता जॅकपॉट महिनोन् महिने फुगत बसायचा. म्हणूनच एकतीस कोटी.

तर परवाची गोष्ट. गुरुवारी तिकिटांच्या गठ्ठ्याबरोबर कंपनीची एक गुळगुळीत पुस्तिका आली. 'विक्रेत्यांसाठी मार्गदर्शन'. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काकाही मुलीकडे गेले होते, म्हणून चाळायला घेतली. सातव्या पानावर दोन रेघा होत्या. एक लाल, एक निळी. खाली लिहिलं होतं, 'एका प्रातिनिधिक खिडकीवरील विक्री'.

मी म्हटलं, बघा, इतरही कोणी माझ्यासारखं वेडं आहे. बरं वाटलं. मग निळ्या रेघेवर बोट फिरवत गेले, आणि एका जागी बोट थांबलं.

तिथे एक उलटा दात होता. लाल रेघ खाली पडलेली आणि निळी वर चढलेली.

असं कधी होत नाही. जगात कुठल्याही खिडकीवर जॅकपॉट उतरल्यावर विक्री वाढत नाही. ते फक्त माझ्या वहीत झालं होतं. सहा वर्षांपूर्वी याच जिन्याच्या पायरीवरून माझा घोटा मोडला आणि तीन आठवडे खिडकी बंद होती. परत आल्यावर वहीतले तीन रिकामे चौकोन मला पडलेल्या दातांच्या जागेसारखे टोचायला लागले. मग मी ते अंदाजानं भरले. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एक्कावन्न, एकशे त्रेसष्ट. मी अंथरुणात असताना जॅकपॉट कोणीतरी उचलून नेला होता, हे मला नंतर कळलं. खोडायचा कंटाळा केला. त्या तीन आठवड्यांत माझ्या खिडकीवर एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं. ते आकडे माझ्या डोक्यात जन्मले आणि माझ्या वहीत राहिले. दुसरीकडे कुठेही नव्हते.

त्या दाताकडे पुस्तिकेत बाण काढला होता. बाणाखाली मजकूर : 'जॅकपॉट खाली आला असताही येथे विक्री वाढलेली दिसते. यावरून नियमित ग्राहकाची निष्ठा बक्षिसावर अवलंबून नाही, हे सिद्ध होते. म्हणून लहान बक्षिसे बंद करून ती रक्कम जॅकपॉटकडे वळवण्यात आली.' आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, अवतरणचिन्हांत, 'नेहमीचा माणूस बक्षिसासाठी येत नाही, बोलायला येतो.'

छापताना त्यांनी ते पसरलेलं अक्षर मात्र नीट केलं होतं.

मी घरी फोन लावला. वहिनीनं उचलला. म्हटलं, दादा आहे?

"आंघोळीला गेलेत."

दुपारचे साडेतीन वाजले होते.

"वहिनी, ती पुस्तिका बघितलीस?"

ती म्हणाली, "वन्सं, शनिवारी ते येणारच आहेत तिकडे. एवढी गर्दी असणार. मी डबा घेऊन येते तुम्हाला." आणि फोन ठेवला. या वेळी गॅसवर काही नाही, हे मला कळलं.

आता शनिवार. दादाची गाडी रांगेच्या कडेनं सरकत आली. तो उतरला, मागून वहिनी डबा घेऊन उतरली. दादानं रांगेकडे, पेरलेलं उगवलेलं बघावं तसं पाहिलं. मग दोघं वाकून जिन्याखाली आले. तिघांना ती जागा पुरत नाही. वहिनी तिकिटांच्या खोक्यावर बसली, दादा मान वाकडी करून उभा राहिला.

"काय रांग आहे, छोटी. फोटो काढायला हवा."

मी हातातली तिकिटं दिली, सुटे दिले, आणि पुस्तिका सातव्या पानावर उघडून त्याच्यापुढे धरली.

"हे माझं आहे," मी म्हटलं.

"नंतर बोलू. लोक थांबलेत."

"लोक थांबतील. एकतीस कोटी आहेत, ते काय उठून जाताहेत." मी काचेवर 'पाच मिनिटे' ची पाटी लावली. बाहेर कुरकुर झाली. आता पहिल्या नंबरावर काका होते. कुरकुरीत त्यांचा आवाज नव्हता.

दादानं पान पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे त्याला ते पाठ होतं.

"वह्याच तर होत्या," तो म्हणाला. "पडून होत्या. तू तरी कोणाला दाखवणार होतीस?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू दिल्या नसत्यास."

"म्हणून विचारलं नाहीस."

"म्हणून विचारलं नाही." हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की मलाच क्षणभर पटलं. "आणि वाईट काय झालं? माझी एजन्सी झाली. तुझी ही खिडकी पक्की झाली. ते ही खिडकी बंद करणार होते, माहितीये? वर्षाला सातशे खिडक्या बंद करतात ते. तुझ्या वह्यांनी तुझीच खुर्ची वाचली."

"आणि कव्हरं? ती का घातलीस?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं.

"मी घातली," वहिनी डब्याकडे बघत म्हणाली. "मला राहवलं नाही. काहीतरी करावंसं वाटलं, वन्सं."

म्हणजे तेही त्याचं नव्हतं. मी दोन वर्षं ज्या कव्हरांवरून हात फिरवत होते, ती एका घाबरलेल्या बाईनं घातलेली प्रायश्चित्ताची कव्हरं होती. वह्या गेल्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. कव्हरांचं वाटलं.

"दादा, ते तीन आठवडे खोटे आहेत," मी म्हटलं. "खिडकी बंद होती. तूच मला उचलून दवाखान्यात नेलंस, तुला आठवत नाही? मी मनानं आकडे भरले आणि त्यांनी त्यावरून या लोकांचं छोटं बक्षीस काढून घेतलं. निष्ठा म्हणे. माझी माणसं विकलीस तू, तीही खोट्या आकड्यानं."

दादाचा चेहरा पडला. चुकीचं काही केल्याचा नव्हे, चुकीचा माल दिल्याचा चेहरा होता तो. "हे कुठे बोलू नकोस," तो हळूच म्हणाला.

"माझी माणसं विकलीस तू," मी पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं.

आता तो चिडला. मान वाकडी असलेल्या माणसाला चिडायला जागा लागते, ती नव्हती, म्हणून सगळं बोलण्यातच आलं.

"मी फक्त वह्या दिल्या, छोटी. तिकिटं तू विकलीस. एकोणीस वर्षं. 'का नाही लागणार' हे मी म्हणायचो का इथे बसून?"

वहिनीनं डब्याची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

काचेवर टकटक झाली. काका भोकाशी वाकले होते.

"ताई, हे भोक आहे, भिंत नाही," ते म्हणाले. "आतलं सगळं ऐकू येतं. इतकी वर्षं तुम्हाला बाहेरचं येत होतं, तसंच."

मी पाटी काढली. दुसरं काय करणार? पुस्तिका तशीच उघडी पडली होती. काकांनी भोकातून हात घालून ती स्वतःकडे वळवली, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि ठळक अक्षरांतली ती ओळ वाचली. एखाद्या घड्याळात नेमकं काय अडकलंय हे बघताना ते जसे श्वास धरतात, तसा धरला होता.

"बोलायला येतो," ते म्हणाले. "हा मी का?"

"हो."

"कधी लिहिलंत? आमची ही गेली तेव्हा?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी मान हलवली. भिंग पुन्हा वर केलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान रांगेत करत होते तशी कुरकुर तरी करतील. त्यांनी नेहमीचा कागद काढला. सहा आकडे, चौकोनी घडी, कडा झिजलेल्या. कागद भोकातून आत सरकवला, पण त्यावरचं बोट उचललं नाही.

"बरं लिहिलंय," ते म्हणाले. "खरंच आहे ते. फक्त असं छापलेलं वाचायला लागेल असं वाटलं नव्हतं." मागून कोणीतरी म्हणालं, ओ काका, आटपा. काकांनी मागे पाहिलं नाही. "ताई, ते दहा चेंडू. तुम्ही म्हणाला होतात, दहाच वाढलेत."

"म्हटलं होतं."

"मग? लागेल ना?"

दादा एकदम पुढे झाला. डोकं पायरीला आपटलं तरी त्यानं हसू सोडलं नाही. "काका, आज एकतीस कोटी आहेत. आज तर—"

"तुम्हाला नाही विचारलं," काका म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच नजर खाली घेतली नाही. बाहेर औषधवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत माणसं उभी होती. एकोणीस वर्षांचा तो निरोप माझ्या जिभेवर तयार होता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. मी काकांच्या बोटाखालचा तो कागद त्यांच्याकडेच परत सरकवला.

"नाही लागणार, काका," मी म्हटलं. "दहा चेंडू वाढायच्या आधीही लागणार नव्हता. आणि हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं."